सरप्लस पावडर घ्यावी की दुकानातली डबाबंद? (घरी रायफलची काडतुसं भरणाऱ्यांसाठी)

दोनशे_यार्ड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमेरिकेत राहून घरी काडतुसं भरणारे बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय.

दोन वर्षं झाली, .२२३ आणि .३०-०६ अशा दोन रायफलींसाठी मी स्वतःच भरणी करतो. आजवर दुकानातून पावडरचा (बंदुकीच्या दारूचा) एकेक पौंडाचा डबा आणत आलो, भरणीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने भरत आलो, कधी अडचण आली नाही. मागच्या आठवड्यात रेंजवर एका ओळखीच्या गृहस्थांनी सरप्लसचा विषय काढला. लष्करासाठी बनलेली, जास्त झालेली किंवा जुनी काडतुसं उकलून काढलेली पावडर आठ पौंडांच्या कॅनमध्ये मिळते. कॅनवर 'डब्ल्यूसी ८४४' असं लिहिलेलं असतं. त्यांचं म्हणणं, "हीच पावडर एच ३३५ म्हणून दुकानात येते. नाव बदललं की भाव वाढतो." मला ज्या विक्रेत्याकडून मिळेल त्याच्या भावात आणि दुकानाच्या भावात पौंडामागे साधारण पंधरा डॉलरचा फरक पडतोय.

खरंच हीच ती पावडर असते का? असेल तर पुस्तकातलं एच ३३५ चं माप जसंच्या तसं वापरता येईल का? आणि एवढा मोठा कॅन घरात ठेवावा का, हेही कळत नाहीये. ज्यांनी स्वतः वापरली आहे त्यांनी कृपया लिहा.

रानवाट

मी बारा वर्षं सरप्लसच वापरतोय. आधी ८४६, आता ८४४. एकही काडतूस बिघडलं नाही. बिनधास्त घ्या. फक्त एकदाच मोठा लॉट (एका खेपेत बनलेला माल) घ्या, दर वेळी थोडी थोडी घेऊ नका.

पितळी_पुंगळी

मलाही हेच विचारायचं होतं. वाचतोय.

भरणीवाले_काका

रानवाट यांनी शेवटच्या वाक्यात जे लिहिलंय तेच या विषयाचं मूळ आहे, पण ते फार चटकन लिहून गेले. मी जरा सविस्तर लिहितो, कारण "हीच ती" हे वाक्य ऐकून लोक पुस्तक उघडतात आणि वरचं माप भरून मोकळे होतात. ते होऊ नये असं मला फार वाटतं.

आधी लष्करी कारखान्यात काय होतं ते बघा. पावडरचा एक मोठा लॉट येतो. त्यातली थोडी घेऊन दाब मोजणाऱ्या चाचणी-नळीतून काडतुसं झाडली जातात. ठरलेला वेग ठरलेल्या दाबाच्या आत मिळायला या लॉटची किती ग्रेन (वजनाचं बारीक माप) पावडर लागते, हे तिथे ठरतं, आणि त्या मापावर यंत्रं लावली जातात. पुढचा लॉट थोडा वेगाने जळणारा निघाला तर माप कमी करतात, संथ निघाला तर वाढवतात. त्यामुळे ८४४ च्या दोन लॉटमध्ये फरक असला तरी कारखान्याचं काही अडत नाही. त्यांच्यासाठी '८४४' म्हणजे एक पट्टा आहे. त्या पट्ट्यात कुठेही बसणारा लॉट चालतो.

तुमच्याकडे दाब मोजायची नळी नाही. तुमच्याकडे पुस्तक आहे. म्हणून दुकानात डबा विकणारी कंपनी वेगवान आणि संथ लॉट एकमेकांत मिसळून प्रत्येक वेळी पुस्तकातल्या आकड्यांशी जुळणारी पावडर तयार करते. आज घेतलेला एच ३३५ चा डबा आणि पाच वर्षांनी घेतलेला डबा जवळजवळ सारखे वागतात ते यामुळे. तुमचे ते पंधरा डॉलर या मिसळणीचे आहेत.

म्हणजे एच ३३५ आणि ८४४ एकाच कुळातल्या, यात शंका नाही. ८४६ आणि दुकानातली बीएल-सी(२) यांचंही तसंच. पण डब्यातली पावडर त्या पट्ट्यातल्या एका ठरलेल्या जागेवर आणून ठेवलेली असते. कॅनमधली कुठे आहे ते तुम्हाला शोधावं लागतं, आणि शोधायची जागा म्हणजे तुमची स्वतःची रायफल. .२२३ साठी कमाल दाब ५५,००० पीएसआय (चौरस इंचावर इतके पौंड) धरतात, .३०-०६ साठी ६०,०००. तो दाब तुमच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर तयार होतो.

हा पट्टा किती रुंद असू शकतो याचं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकी लष्कराच्या एम-१६ रायफलीचं आहे. ती रायफल घडली ती आयएमआर ४४७५ या नळीदार दाण्यांच्या पावडरवर. १९६४ मध्ये लष्कराने तिच्या काडतुसात गोल दाण्यांची ८४६ वापरायला सुरुवात केली. ही ८४६ त्याआधी दुसऱ्याच मोठ्या काडतुसांसाठी वापरात होती. गोळीचा वेग ठरल्याप्रमाणे मिळाला, पण रायफलचा फैरींचा वेग वाढला. शिवाय पावडर बनवताना उरणारं आम्ल मारायला घातलेलं कॅल्शियम कार्बोनेट वायूच्या बारीक नळीत साचू लागलं. व्हिएतनाममध्ये रायफली अडकल्या, सैनिक मेले, आणि १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) उपसमितीने चौकशी केली. चेंबरला (काडतूस बसतं त्या जागेला) क्रोमचा थर नव्हता, सफाईचं साहित्य दिलं नव्हतं, अशी बाकीची कारणंही होतीच, सगळा दोष पावडरचा नाही. नंतर कॅल्शियम कार्बोनेट कमी असलेली, लहान काडतुसाला जुळणारी पावडर वेगळी काढून तिला ८४४ हा क्रमांक दिला गेला. तोवर दोन्हींचं नाव एकच होतं. म्हणून कॅनवरचा आकडा वाचून मी कधी निश्चिंत होत नाही.

हिशेबी

काका, फार छान समजावलंत. मी फक्त पैशांची बाजू मांडते, कारण "पौंडामागे पंधरा डॉलर" ऐकायला मोठं वाटतं.

एका पौंडात ७,००० ग्रेन. .२२३ ला हिशेबापुरते २५ ग्रेन धरले (हे भरायचं माप नाही, फक्त भागाकारासाठी घेतलंय) तर पौंडात २८० काडतुसं होतात. पंधरा डॉलर भागिले २८० म्हणजे काडतुसामागे सव्वापाच सेंटच्या आसपास. धागाकर्ते वर्षाला किती झाडतात? सहाशे असतील तर वर्षाची बचत बत्तीस डॉलर. आठ पौंडांच्या कॅनमधून २,२४० काडतुसं निघतील, म्हणजे तो कॅन पावणेचार वर्षं पुरणार आणि सगळी मिळून बचत १२० डॉलर.

आता यातून वजा करा. पावडर घरपोच मागवली की धोकादायक मालाचं वेगळं शुल्क लागतं. मला मागच्या खेपेला पंचवीस डॉलर पडले. ते पार्सलवर असतं, पौंडावर नसतं, म्हणजे एक कॅन मागवा की चार मागवा, तेवढंच. शिवाय नवीन लॉटसाठी माप शोधायला चाळीस-पन्नास काडतुसं जाणार. त्यांच्या गोळ्या आणि प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) फुकट येत नाहीत. माझ्या हिशेबाने वर्षाला हजाराच्या खाली झाडणाऱ्याच्या हातात फारसं काही उरत नाही. मी स्पर्धेसाठी वर्षाला पाच हजार भरते, तिथे अडीचशे डॉलरच्या वर वाचतात. म्हणून मी घेते.

दोनशे_यार्ड (धागाकर्ता)

ताई, मी वर्षाला जेमतेम पाचशे झाडतो. हा भागाकार मी करायला हवा होता.

काका, .३०-०६ साठीही हीच ८४४ चालेल असं ते गृहस्थ म्हणत होते. आणि 'उकलून काढलेली' म्हणजे नेमकं काय? तिच्यात आणि नुसत्या सरप्लसमध्ये फरक असतो का?

भरणीवाले_काका

.३०-०६ ला ८४४ च्या मागे लागू नका. तेवढ्या मोठ्या केसला (पितळी पुंगळीला) ती वेगवान पडते. त्या काडतुसाची जुनी सोबतीण ४८९५. गॅरंड या जुन्या अमेरिकी रायफलची लष्करी काडतुसं तिनेच भरली जायची.

४८९५ वरून आठवलं, आज दुकानात जे डबे दिसतात त्यातले कित्येक मुळात सरप्लसच होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे पावडरचे डोंगर उरले होते. कॅन्ससमधल्या ब्रूस हॉजडन यांनी ती ४८९५ विकत घेतली आणि १९४७ मध्ये 'अमेरिकन रायफलमन' मासिकात एक इंचाची जाहिरात दिली. दीडशे पौंड पावडर तीस डॉलरला, वाहतूक वेगळी. म्हणजे पौंडाला वीस सेंट! एका पिढीने हरणाच्या रायफली त्या पावडरवर चालवल्या. ४८३१ सुद्धा तशीच आली, ती वीस मिलीमीटर तोफेच्या काडतुसांतली. त्या काळी लोक जपून वापरायचे, कारण सरप्लस आहे हे सगळ्यांना माहीत असायचं.

पुढे गंमत अशी झाली की तो साठा संपत आल्यावर ४८३१ हा आकडा दोन वेगळ्या डब्यांवर आला. एक एच ४८३१, दुसरी आयएमआर ४८३१. आकडा तोच, पण आयएमआरवाली वेगाने जळते. एच ४८३१ चं वरचं माप आयएमआर ४८३१ ने भरलं तर दाब मर्यादेबाहेर जातो. आजही दोन्ही दुकानात शेजारी शेजारी असतात. पुस्तक वाचताना आकड्याआधीची अक्षरंही बोट ठेवून वाचा.

उकलून काढलेल्या पावडरबद्दल: मुदत संपलेली किंवा बाद केलेली काडतुसं यंत्राने उघडतात, गोळी वेगळी, पितळ वेगळं, पावडर वेगळी. ही पावडर एका लॉटची असेलच असं नाही. वेगवेगळ्या वर्षांची काडतुसं एकाच पिंपात रिकामी होऊ शकतात. चांगला विक्रेता ती नीट एकजीव करून स्वतःचा लॉट क्रमांक देतो. मग वर एक आणि तळाशी एक असं होत नाही. गोळी बसवताना लावलेल्या डांबरी लुकणाचे काळे कण मला अशा पावडरीत दोनदा सापडलेत, ते चाळून काढावे लागले. याउलट काडतुसात कधीच न भरलेली, कारखान्यात जास्त झालेली पावडर असते, ती जास्त भरवशाची. विकत घेताना या दोन्हींतली कुठली ते स्पष्ट विचारा.

रानवाट

मी 'बिनधास्त' लिहिलं ते चुकलंच. माझ्या बारा वर्षांत मी फक्त तीन लॉट बदलले आणि प्रत्येक वेळी खालून सुरुवात केली, ते लिहायचं राहिलं. नवीन माणसाला ते माहीत नसणार.

ओढ्याकाठी

काका, खालून सुरुवात म्हणजे कुठून? आणि थांबायचं कुठे? मी प्रायमर चपटं झालं की थांबतो.

भरणीवाले_काका

प्रायमर चपटं होईपर्यंत थांबू नका, कळकळीने सांगतो. काही प्रायमर मऊ असतात, ते कमी दाबातही चपटे होतात. काही इतके कडक की दाब मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला तरी गोल कडा तशीच दिसते. पितळाच्या बुडावर चकचकीत ठसा उमटला, बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) उचलायला जड गेला, ही चिन्हं दिसतात तेव्हा तुम्ही हद्द आधीच ओलांडलेली असते.

मी असं करतो. कुळातल्या डबाबंद पावडरचं, त्याच वजनाच्या गोळीचं, पुस्तकातलं सुरुवातीचं माप घेतो. तिथून अगदी बारीक पायऱ्यांनी वर जातो आणि प्रत्येक पायरीची पाच काडतुसं क्रोनोग्राफवरून (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून) झाडतो. पुस्तकात वरच्या मापासमोर जो वेग दिलाय तो माझ्या रायफलीत आला की थांबलो. त्या पुस्तकाची चाचणी-नळी किती लांब होती तेही बघतो, आपली आखूड असेल तर तेवढा वेग आपल्याला मिळायलाच नको. आणि माझी पावडर पुस्तकापेक्षा कमी मापात तो वेग देत असेल, तर माझा लॉट वेगवान आहे. तिथे पुस्तकातल्या वरच्या मापापर्यंत जायचा हट्ट करायचा नाही. उलट संथ लॉट असला तरी पुस्तकातलं वरचं माप मी ओलांडत नाही. थोडा वेग कमी मिळाला तर मिळाला.

एक सूचना मात्र हवी. 'खालून' म्हणजे वाटेल तितकं खालून नव्हे. अगदी संथ जळणाऱ्या गोल दाण्यांच्या पावडरी, उदाहरणार्थ मोठ्या तोफेच्या काडतुसांतली ८७२, फार कमी भरल्या तर नीट पेट घेत नाहीत. घोडा पडतो, काही होत नाही, आणि क्षणभराने बार उडतो. म्हणून अशी पावडर नवशिक्याने घेऊच नये.

आणि ऋतू. गोल दाण्यांच्या बऱ्याच पावडरी तापमानाला हळव्या असतात. मी एका वर्षी जानेवारीत माप ठरवलं, वरच्या टोकाला अगदी टेकून. जुलैत काडतुसांची पेटी गाडीच्या मागच्या सीटवर दोन तास उन्हात राहिली. तिसऱ्या काडतुसाला बोल्टची मूठ हाताने उचलेना, तळव्याने खालून ठोकावी लागली. केस बाहेर आली तेव्हा प्रायमरची जागा सैल झालेली. उरलेली चौऱ्याऐंशी काडतुसं त्याच संध्याकाळी एकेक करून उकलली. तेव्हापासून माझं माप उन्हाळ्यात ठरतं.

पितळी_पुंगळी

जुनी पावडर खराब झाली हे ओळखायचं कसं? माझ्या सासऱ्यांनी पत्र्याचे दोन डबे दिलेत, लेबलं पुसट झालीत.

हिशेबी

हे मी बघितलंय म्हणून लिहिते. क्लबातल्या एका वयस्कर सभासदांच्या घरी त्यांच्या माघारी गॅरेज आवरायला आम्ही गेलो होतो. मागच्या फळीवर पत्र्याचा एक डबा होता. झाकणाच्या कडेने तांबूस भुकटी बाहेर आलेली, बोटाला लागली तर गंजासारखी. झाकण फिरवलं आणि नाकात आम्लाची झणझणीत तिडीक गेली. चांगल्या पावडरला ईथरसारखा हलका, गोडसर वास येतो. हा वास डोळ्यांत पाणी आणणारा होता. डबा आतून पोखरलेला होता आणि दाण्यांवर तपकिरी धूळ.

पावडरमधलं नायट्रोसेल्युलोज कालांतराने विघटित होतं, त्यातून आम्लाच्या वाफा सुटतात, आणि त्या वाफा विघटन आणखी वाढवतात. ते थोपवायला डायफिनिलअमाइनसारखं स्थिरक घातलेलं असतं. ते वर्षानुवर्षं पुरतं, पण उष्णतेत लवकर संपतं. संपल्यावर पावडर आतून तापू लागते आणि आपोआप पेटूही शकते. आम्ही डबा बाहेर मोकळ्यावर नेऊन ठेवला आणि अग्निशमन दलाला फोन केला. त्यांनी येऊन नेला.

लेबल वाचता येत नसेल तर तुम्ही वास घेऊन निर्णय करू नका. पावडर चांगली असली तरी ती कुठली आहे हे कळायचा मार्ग नाही. गोल दाण्यांच्या दहा पावडरी ओट्यावर ओळीने मांडल्या तर मीही नुसत्या नजरेने वेगळ्या करू शकणार नाही. सासऱ्यांचं मन राखायला रिकामे डबे ठेवा, पावडर मात्र अग्निशमन दलाला विचारून नष्ट करा.

भरणीवाले_काका

ताईंशी शंभर टक्के सहमत. आणि लष्कर जुना साठा काढून टाकतं, त्यातला काही भाग स्थिरक कमी होत आल्यामुळेच निघतो, हे सरप्लस घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं. माझ्याकडच्या प्रत्येक कॅनचं झाकण मी दर तीन महिन्यांनी उघडून वास घेतो आणि तारीख खडूने वर लिहितो.

साठवणीचं विचारलं होतं ते राहिलं. एनएफपीए ४९५ (अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेची नियमावली) प्रमाणे घरात वीस पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यात ठेवता येते. त्यावर पन्नास पौंडांपर्यंत किमान एक इंच जाडीच्या लाकडी पेटीत. तुमच्या गावचे नियम याहून कडक असू शकतात, ते बघून घ्या. जाड लोखंडी, घट्ट बंद होणाऱ्या तिजोरीत मुळीच ठेवू नका. आग लागली तर उघड्यावर नुसती भुरकन जळून जाणारी पावडर तिथे दाब साठवते आणि बॉम्ब होते. एका कॅनमधली दुसऱ्यात ओतायची नाही, आणि टेबलावर एका वेळी एकच पावडर.

नवा_सभासद

मी भारतात राहतो. लायसन्सची रायफल आहे. इथे घरी भरायचं असेल तर पावडर कुठे मिळेल?

भरणीवाले_काका

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळा बनवण्यासाठी वेगळा परवाना लागतो, रायफल बाळगायच्या लायसन्समध्ये तो येत नाही. तयार काडतुसं अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. या धाग्यातलं काही तिथे करू नका.

दोनशे_यार्ड (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या विक्रेत्याला फोन केला. काकांनी सांगितलेलं सगळं विचारलं: लॉट क्रमांक काय, काडतुसातून काढलेली की कधीच न भरलेली, एकजीव कोणी केली. उत्तर आलं, "लॉटबिट काही नाही, ८४४ आहे, एच ३३५ चं माप भरा." मी नको म्हणालो.

येताना दुकानातून एच ३३५ चा एक पौंडाचा डबा घेतला, ३०-०६ साठी एच ४८९५ चा. ताई, तुमची हरकत नसेल तर पुढच्या वेळी तुम्ही लॉट मागवाल तेव्हा मला कळवा. तुमचा विक्रेता लॉट क्रमांक देत असेल तर एक कॅन मीही त्याच पार्सलमध्ये घेईन. माप मात्र माझ्या रायफलीत मीच शोधीन, उन्हाळ्यात.

हिशेबी

कळवते. क्रमांक छापील लेबलवर येतो, फोटो टाकीन. क्रोनोग्राफ नसेल तर माझा घेऊन जा.